टाकीतलं पाणी ३८ अंश : सांगलीत घरी रोल धुताना

मे महिन्यात दुपारी तीन वाजता विश्रामबागेतल्या आमच्या घरी न्हाणीचा नळ सोडला, की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चटका देत येतं. पहिली बादली ओतून द्यायची आणि दुसरीत थर्मामीटर बुडवायचा. पारा ३८ च्या आसपास थांबतो. घरातली माणसं या पाण्याच्या नावानं बोटं मोडतात. मी त्यात केमिकलच्या बाटल्या ठेवतो. कॅमेऱ्यातली रंगीत फिल्म धुवायला जगभर जे तापमान धरलं जातं ते ३७.८ अंश सेल्सियस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये सरळ १००. आम्हाला ते सूर्यनारायणाकडून फुकट मिळतं.

फिल्म धुण्यावरचे व्हिडिओ बघितलेत तर बहुतेक थंड देशांतल्या माणसांचे असतात. ते सांगतात, कृष्णधवल सोपं, रंगीत अवघड, कारण पाणी तापवून धरावं लागतं. सांगलीत निम्मं वर्ष याच्या उलट असतं. कृष्णधवलला २० अंश लागतात, आणि मेमध्ये इतकं गार पाणी आमच्या माठातही नसतं. हा उलटा हिशेब समजला नाही तर फिल्म धुवायचं कितीही भारी मशीन आणलं तरी निगेटिव्ह बिघडतात. माझी बिघडली आहेत, म्हणून सांगतो.

मुळात ‘रोल धुणं’ हा शब्दच फसवा. स्टुडिओवाले पूर्वापार तसंच म्हणतात, आपणही ‘रोल धुवायला टाकला’ म्हणत आलो. पण डेव्हलपिंग हे धुण्यापेक्षा दही लावण्याच्या जास्त जवळचं काम आहे. फिल्म म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर केसापेक्षाही पातळ असा जिलेटिनचा थर. (जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होतं. कडक शाकाहारी मंडळींनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) त्या थरात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, बारीक स्फटिक विखुरलेले असतात. शटर उघडलं आणि स्फटिकावर उजेड पडला, की त्यात चांदीचे अगदी मोजके अणू एकत्र येतात. चार-पाच अणू पुरतात. बाहेरून बघाल तर फिल्मवर काहीच बदललेलं दिसत नाही.

हे अणू म्हणजे विरजण. डेव्हलपर हे द्रावण विरजण लागलेले स्फटिक शोधतं आणि प्रत्येक स्फटिक सबंधच्या सबंध काळ्या, धातुरूप चांदीत बदलून टाकतं. कोट्यवधी पटींनी मोठं झालेलं तेच चित्र आपल्याला निगेटिव्हवर दिसतं. विरजण न लावलेलं दूधही फार वेळ बाहेर राहिलं तर नासतं ना, तसंच उजेड न पडलेले स्फटिकही डेव्हलपरमध्ये जास्त वेळ राहिले तर काळे पडायला लागतात. त्याला फॉग म्हणतात. म्हणून वेळेवर थांबवायचं. त्यासाठी सौम्य आम्ल लागतं, ॲसेटिक ॲसिड. चायनीजच्या गाडीवरचं पांढरं व्हिनेगर पातळ करून वापरलं तरी चालतं. मग फिक्सर, आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी ‘हायपो’. उजेड न लागलेले स्फटिक विरघळवून काढून टाकायचं काम त्याचं. तोपर्यंत फिल्म ज्यात बसवलेली असते तो उजेडबंद डबा उघडायचा नाही. आणि सिनेमातला तो लाल दिवा फोटोच्या कागदासाठी असतो. फिल्म लाल उजेडालाही दचकते, तिला गडद अंधारच हवा.

दही उन्हाळ्यात लवकर लागतं, थंडीत रात्रभर ठेवलं तरी पातळच. डेव्हलपर तसाच वागतो. इलफर्ड कंपनीच्या एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, आणि तोच डेव्हलपर निम्मं पाणी घालून वापरला तर १३ मिनिटं. पाणी २४ अंशांवर गेलं की ढोबळमानानं १० मिनिटांचं काम ७ मिनिटांत होतं. आता ३२ अंशांचा विचार करा. वेळ इतका कमी उरतो की द्रावण ओतून होईपर्यंत फिल्मचा खालचा भाग पुढे निघून गेलेला असतो. पाच मिनिटांच्या आत आटोपणारं डेव्हलपिंग सहसा एकसारखं होत नाही. त्यावर माझा साधा उपाय म्हणजे निम्मं पाणी घातलेला डेव्हलपर, बर्फानं २४ अंशांवर आणलेला, आणि त्या हिशेबानं सव्वानऊ मिनिटांच्या आसपास वेळ. २० अंशांचा हट्ट मी सोडून दिला आहे.

रंगीत फिल्मची गोष्ट समजावायला सांगलीइतकं सोयीचं गाव नाही. हळद पिवळी, चुना पांढरा. दोन्ही एकत्र आले की लाल. त्या लालाचा मागमूस दोघांतही नव्हता. कुंकू असंच होतं. रंगीत फिल्मच्या प्रत्येक थरात कपलर नावाची द्रव्यं आधीपासून भरलेली असतात. डेव्हलपर चांदी घडवताना स्वतः बदलतो, आणि तो बदललेला डेव्हलपर शेजारच्या कपलरला भेटला की तिथल्या तिथे रंग तयार होतो. वरच्या थरात पिवळा, मधल्यात मॅजेंटा, तळाशी निळसर सायन. जिथं जितकी चांदी, तिथं तितका रंग. मग ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून टाकतात आणि नुसता रंग उरतो. रंगीत निगेटिव्हमध्ये शेवटी चांदीचा कणही राहत नाही, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं.

ही पद्धत सी-४१. कोडॅकनं ती १९७२ मध्ये आणली, आणि आज दुकानात मिळणारी जवळजवळ प्रत्येक रंगीत निगेटिव्ह फिल्म, कुठल्याही कंपनीची असो, तिच्यातच धुतली जाते. डेव्हलपरचा वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. कोडॅकनं तापमानाला दिलेली सूट अधिक-उणे ०.१५ अंश. इतकी काटेकोर का, ते थरांत दडलेलं आहे. डेव्हलपर वरून आत झिरपतो. पाणी गार पडलं तर तळाचा थर मागे राहतो, जास्त तापलं तर तिन्ही थर आपापल्या गतीनं धावतात. नुसता फोटो फिका झाला तर स्कॅन करताना सावरता येतो, पण थरांची आपसातली जोडी तुटली की नाही. मी एकदा जानेवारीत पहाटे काढलेला मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याचा रोल धुतला. डेव्हलपर बरोबर ३८ वर होता, पण डबा गारठलेला होता. आधी तापवायचं मी विसरलो. हमालांचे पांढरे सदरे गुलाबी आले आणि पोत्यांखालच्या सावल्या हिरव्या. गुलाबी काढायला गेलो की हिरवा वाढायचा, हिरवा काढला की गुलाबी. हळद तेवढी पिवळी राहिली.

इथे मशीन कामाला येतं.

शेजारच्या मिरजेत, दवाखान्यांच्या गावात, ज्यांनी पूर्वी एक्स-रे काढले आहेत त्यांना या मशीनचा थोरला भाऊ ठाऊक असेल. अंधाऱ्या खोलीत फिल्म एका बाजूनं सरकवली की दुसऱ्या बाजूनं धुऊन, वाळून बाहेर. कोडॅकनं असं रोलरवालं एक्स-रे मशीन १९५६ मध्ये काढलं आणि १९६५ पर्यंत ते काम ९० सेकंदांवर आणलं. शहरातल्या कलर लॅबची मशीनंही त्याच जातीची. त्यांत फिल्म एका टाकीतून दुसऱ्या टाकीत चालत जाते. घरगुती मशीनमध्ये फिल्म कृष्णेवरच्या आमच्या आयर्विन पुलासारखी जागच्या जागी असते आणि पाणी बदलत जातं.

माझं मशीन जोबो कंपनीचं, सेकंडहँड. जर्मन लोक ‘योबो’ म्हणतात. संस्थापक योहानेस बॉकेम्यूल यांच्या नाव-आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून ते नाव झालं. कंपनी १९२३ ची. बघायला गेलं तर मशीन म्हणजे एक प्लास्टिकचा टब, त्यात हीटर, हीटरवर लक्ष ठेवणारा थर्मोस्टॅट, आणि बाजूला एक मोटर. केमिकलच्या बाटल्या त्याच टबात उभ्या राहतात, म्हणजे सगळ्यांचं तापमान एक. फिल्मचा डबा पाण्यात आडवा तरंगतो आणि मोटर त्याला गोल फिरवते, काही फेऱ्या इकडे, काही तिकडे. एकाच दिशेनं फिरवलं तर द्रावण ठरावीक वाटेनं वाहतं आणि फिल्मवर पट्टे उमटतात, म्हणून दिशा बदलायची. बाजूला लिफ्ट नावाचा एक दांडा असतो. तो उचलला की जुनं द्रावण बाहेर पडतं, आणि डबा न काढता पुढचं आत ओतता येतं. ओतायचं काम माझंच. याच कंपनीची ऑटोलॅब नावाची मोठी मशीनं तेही स्वतः करतात.

डबा फिरता का ठेवायचा? डेव्हलपर फिल्मला लागून काम करतो तिथं तो दमतो, आणि कामातून सुटलेलं ब्रोमाइड तिथंच साचून पुढचं काम मंदावतं. कढईत ढवळलं नाही की तळाला लागतं, तसंच थोडं. हातानं धुताना आपण दर मिनिटाला डबा उलटा-सुलटा करतो. मशीनमध्ये हालचाल अखंड. आडव्या डब्यात फिल्म अर्धी हवेत, अर्धी द्रावणात असते, म्हणून द्रावणही कमी पुरतं. माझ्या दोन रोलच्या डब्याला हातानं ४८५ मिलीलीटर लागतं आणि मशीनवर २४०. रंगीत फिल्मच्या केमिकलचं किट परदेशातून येतं, त्यामुळे हा निम्मा हिशेब खिशाला जाणवतो. फक्त पातळ केलेल्या कृष्णधवल डेव्हलपरच्या बाबतीत ही काटकसर करू नका. २४० मिलीलीटरमध्ये निम्मं पाणीच असेल तर दोन रोलना पुरेल इतका जीव त्यात राहत नाही.

आणखी एक हिशेब. कृष्णधवल फिल्मच्या पाकिटावरचे वेळ मधून मधून हलवण्यासाठी दिलेले असतात. अखंड फिरवायचं तर ते साधारण १५ टक्क्यांनी कमी करायचे. किंवा आधी पाच मिनिटं नुसत्या पाण्यात डबा फिरवून घ्यायचा आणि छापील वेळ तसाच ठेवायचा. मी दुसरं करतो, कारण त्यात डबाही तापमानाला येतो. सी-४१ चा वेळ मात्र ३:१५ चाच. तिथं स्वतःची अक्कल लावायची नाही.

अलीकडे टब नसलेली छोटी यंत्रंही निघाली आहेत. युक्रेनमध्ये बनणारं ‘एगो’ साध्या डब्यावर बसतं, डबा फिरवतं, आतल्या द्रावणाचं तापमान मोजतं आणि ते सरकलं तर त्या प्रमाणात वेळ आपोआप बदलतं. तापमान धरून ठेवायचा खटाटोप सोडून घड्याळच लवचीक करायचं, ही कल्पना मला आवडली. जागा कमी असेल तर हेच बरं.

मशीन घ्यायच्या आधी एक गोष्ट नीट बघा. बहुतेक मशीनमधला हीटर फक्त तापवतो, गार करत नाही. मोठ्या मॉडेलना थंड पाण्याची नळी जोडायची सोय असते, पण आमच्या नळाला थंड पाणी आणायचं कुठून? मेमध्ये कृष्णधवल धुताना मी टबात फ्रीजरमधल्या गोठलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडतो आणि हीटर बंद ठेवतो. बाटल्या औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या थर्माकोलच्या पेटीत राहतात. मिरज जवळ असल्याचा हाही एक फायदा. शेवटचं धुणंही त्याच गारव्याच्या पाण्यानं करा. २४ अंशांतून काढलेल्या फिल्मवर थेट ३६ अंशांचा नळ सोडला तर मऊ पडलेलं जिलेटिन आकसून जाळी धरू शकतं. आजच्या फिल्म पूर्वीपेक्षा सोशिक आहेत, पण परीक्षा कशाला घ्या.

जर्मन मशीन असेल तर विजेची अडचण नाही, तिकडेही २३० व्होल्टच. अमेरिकेतल्या मेहुण्यानं १२० व्होल्टचं स्वस्तात पाठवलं म्हणून थेट प्लगमध्ये खुपसू नका. वीज जाण्याचं मात्र काय करायचं? माझ्या रंगीत रोलला डेव्हलपरमध्ये पावणेदोन मिनिटं झाली असताना एकदा लाइट गेली. त्या क्षणी सुचलं ते केलं, डबा हातानं टबात गोल फिरवत राहिलो आणि बायको मोबाइलवर सेकंद मोजत उभी राहिली. रोल ठीक आला. दहा-बारा लिटर पाणी दीड मिनिटात थंड होत नाही. थांबते ती फक्त मोटर, आणि मोटरचं काम हाताला येतं. म्हणून नव्या माणसानं पहिले चार-पाच रोल हातानंच धुवावेत असं माझं ठाम मत आहे. मी ज्यांच्याकडे शिकलो त्या स्टुडिओवाल्या काकांना मशीन दाखवायला नेलं होतं. त्यांनी मोटरकडे बघितलंही नाही. “अरे, पाणी कुठलं वापरतोस?” एवढंच विचारलं.

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. त्या पाण्यानं धुतलेली फिल्म वाळली की पांढरे डाग राहतात, स्टीलच्या भांड्यावर पडतात तसेच. आणि पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ असतं तेव्हा नळातून बारीक गाळ येतो, तो ओल्या जिलेटिनमध्ये रुतून बसतो. केमिकल कालवायला आणि शेवटच्या विसळण्याला मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरतो. गॅरेजच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं. मधल्या धुण्याला गाळलेलं पाणी पुरतं, आणि तेही नळ वाहता ठेवून नव्हे. इलफर्डची एक काटकसरी रीत आहे : डबा भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करा, ओता, पुन्हा भरून दहा वेळा, पुन्हा भरून वीस वेळा. झालं.

रंगीत किटमधलं शेवटचं द्रावण, स्टॅबिलायझर किंवा फायनल रिन्स, पुष्कळ जण ‘नुसतं साबणाचं पाणी’ म्हणून गाळतात. त्यात बुरशी रोखणारं द्रव्य असतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये ज्याच्या कपाटातल्या चपलाही पांढऱ्या होतात, त्यानं ते गाळू नये.

पावसाळ्यातली खरी डोकेदुखी वेगळीच. अंधारात फिल्म प्लास्टिकच्या रीळवर चढवायची असते. दमट हवेत, त्यासाठीच्या उजेडबंद काळ्या पिशवीत हात घातल्यावर दोन मिनिटांत तळहाताला घाम, फिल्म चिकट, आणि ती अर्ध्यावर अडकते. ओढली की चुरगळते. मी पिशवी सोडली. रात्री अकरानंतर न्हाणीघराच्या दाराखाली टॉवेल लावून, पंखा बाहेरून दाराकडे करून, रीळ आधी केसांच्या ड्रायरनं कोरडी करून घेतो. एखादी जुनी वाया गेलेली फिल्म घेऊन हे उजेडात आणि मग डोळे मिटून वीसेक वेळा करा. यात मशीन तुम्हाला काडीची मदत करत नाही.

कालवलेला रंगीत डेव्हलपर हवेनं मरतो. अर्धी रिकामी बाटली महिनाभर ठेवली तर आतलं द्रावण चहासारखं होतं आणि रोल कोरे येतात. बाटलीत काचेच्या गोट्या टाकत जा, पातळी झाकणाला भिडेपर्यंत. आमच्या गल्लीतल्या पोरांकडून मी शंभरेक गोट्या विकत घेतल्या. ती अजून मला वेडा समजतात. फिक्सर जिवंत आहे की नाही बघायला रोलच्या टोकाचा कापलेला तुकडा त्यात टाका. तो पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म फिक्स करायची.

दोन प्रकारचे रोल मशीनमध्ये घालू नका. स्वस्तात भरून विकले जाणारे काही रोल सिनेमाच्या फिल्मचे असतात. त्यांच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असला तर तो सुटून डबा, लिफ्ट, बाटल्या सगळं घाण करतो. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. आणि आजोबांच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोम (कोडॅकचा जुना रंगीत रोल) सापडला तर हळहळायचं. त्याचे रंग फिल्ममध्ये नसायचे, लॅबमध्ये भरले जायचे, आणि ती प्रक्रिया करणारी शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, २०१० च्या अखेरीस थांबली. आता त्यातून निघालं तर फक्त कृष्णधवल निघेल. स्लाइडची ई-६ प्रक्रिया घरी जमते, पण सी-४१ चे वीस रोल बिनचूक आल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.

‘मग लॅबला का देत नाही?’ हा प्रश्न राहतोच. सांगलीत एकेकाळी सकाळी टाकलेल्या रोलच्या कॉपी संध्याकाळी मिळायच्या. आता रोल कुरिअरनं मोठ्या शहरात जातो. माझे तीन रोल एका लॅबमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे घेऊन परत आले, तेव्हा मी किट मागवलं. तरी महिन्याला एखादाच रंगीत रोल होत असेल तर किट उघडून ते मरू देण्यापेक्षा लॅब स्वस्त पडते. मी सहा-आठ रोल फ्रिजमध्ये साठवतो आणि एका रविवारी सगळे उरकतो. नुसतं कृष्णधवलच करणाऱ्याला मशीनची गरज नाही. एक डबा, एक थर्मामीटर आणि बर्फ पुरतो.

राहिला वापरलेला फिक्सर. त्यात तुमच्या फिल्ममधली चांदी विरघळलेली असते, म्हणून तो मोरीत किंवा झाडांना ओतू नये. दवाखान्यांतला एक्स-रेचा जुना हायपो चांदीसाठी विकत घेतला जायचा, तो याचमुळे. घरी एका झाकणाच्या बादलीत तो साठवून त्यात लोखंडी लोकर टाकायची. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी नको, ती स्टेनलेस स्टीलची असते; हार्डवेअरच्या दुकानात साधी लोखंडी मागा. लोखंड विरघळत जातं आणि त्याच्या जागी चांदी खाली बसते. काही दिवसांनी तळाशी काळा चिखल दिसतो.

माझ्या बादलीत आजवर चमचाभर जमला आहे. काकांना दाखवला. म्हणाले, “सराफ कट्ट्यावर नेऊ नकोस, बसलेली माणसं हसतील.” डबी अजून कपाटात आहे, वर खडूनं ‘चांदी’ लिहिलेली.